हिंदुरावांची वाईन

कपिलनं पिशवीतून आधी हृदयाच्या गोळ्या काढल्या, मग बाटली काढली, आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मुक्ताबाई भाकरीचं पीठ मळता मळता थांबल्या. कित्येक वर्षांत या घरात तसल्या आकाराची वस्तू आली नव्हती. रॉकेलसुद्धा त्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवत.

"ह्ये काय आणलंस?"

"वाईन आहे, आई. रेड वाईन. दारू नव्हे ती."

"बाटलीतनं येती आन् माणसाला चढती, ती दारूच की रं."

कपिल हसला. तो पुण्याच्या एका कंपनीत इंजिनियर होता, आणि आईची समजूत कशी घालायची याची तयारी त्यानं एसटीत बसूनच केलेली असावी. फ्रान्स देशातली माणसं रोज लोण्यात माखलेलं खातात, तरी तिकडं हृदयाचे झटके कमी. का, तर जेवणाबरोबर थोडी लाल वाईन. पेपरात तसं आलं होतं. आबांच्या डॉक्टरांनाही त्यानं विचारलं होतं. ते म्हणाले होते, संध्याकाळी अर्धा पेला घेतला तर माझी हरकत नाही, पण अर्धाच.

"आणि महागातली नाही," तो म्हणाला. "आपल्याच महाराष्ट्रातल्या द्राक्षांची आहे, परवडेल अशी. मी येताना आणत जाईन. फक्त ओतून तू द्यायची. तुझ्या हातानं गेली की मला काळजी नाही."

हिंदुराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. झटका येऊन गेल्यापासून बाहेरच्या खोलीतली ती खाट हीच त्यांची जागा झाली होती. त्यांनी बाटलीकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं.

"तुज्या आईला इचार," ते म्हणाले. "ती न्हाई म्हणली तर नगं."

आता यावर मुक्ताबाई काय बोलणार? नाही म्हणावं, तर नवऱ्याचं औषध अडवल्याचं पाप माथी. हो म्हणावं, तर ज्या गोष्टीला उंबऱ्याबाहेर काढायला अर्धा जन्म गेला, तिला आपल्याच हातानं आत घ्यायची. त्यांनी पुन्हा पिठात हात घातला. कपिलनं त्याचा अर्थ होकार असा घेतला.

हिंदुराव कोयनानगरला धरणाच्या दरवाज्यांवर फिटर होते. लग्न होऊन मुक्ताबाई त्या कॉलनीत गेल्या, तेव्हा पहिल्या पावसाळ्यातच त्यांना कळलं की इथं पाऊस आला की चार महिने माणूस घरात कोंडला जातो, आणि आपला नवरा घरात कोंडला की पितो. डोंगरातल्या वस्तीवरून हातभट्टी यायची, पाटणहून देशी यायची. मग काय व्हायचं ते कॉलनीतल्या सगळ्या क्वार्टरांना ऐकू जायचं, आणि पावसाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही असं सगळ्यांना म्हणताही यायचं. मुक्ताबाईंचा डावा कान तिथंच गेला. धरणाच्या भोंग्यानं गेला असं त्या सांगत.

सकाळी हिंदुराव चुलीपाशी येऊन बसत. डोळे सुजलेले, आवाज खाली. "काल काय झालं, मला काय ठावं न्हाई, मुक्ते," असं म्हणत. ते खरं होतं, यात मुक्ताबाईंना कधी शंका आली नाही. पोरांना त्या सांगत, तुमचा बाप वाईट न्हाई, दारू वाईट. ती अंगात शिरली की माणूस माणसात राहत न्हाई, आन् एक घोट पोटात गेला की दुसऱ्याला ती थांबू देत न्हाई. या एवढ्या बोलण्यावर त्यांनी सगळा संसार ओढून नेला. आणि बोलण्याला पुरावाही मिळाला. निवृत्तीच्या आदल्या वर्षी वैशाख पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर हिंदुरावांनी दारू सोडली, ती सोडलीच. दारू गेली आणि नवरा परत मिळाला. सांगलीत येऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा गल्लीत त्यांना सगळे एक शांत, सरळ म्हातारा म्हणूनच ओळखू लागले.

पहिल्या संध्याकाळी कपिल अजून होता. त्यानं बूच काढायचा स्क्रू फिरवायला घेतला, तर हिंदुरावांनी तो त्याच्याकडून मागून घेतला. "स्क्रूच्या आट्यांचं काम बेस हाय ह्येच्या," म्हणत फिटरच्या हातानं त्यांनी बूच न मोडता अलगद वर घेतलं. मुक्ताबाईंनी अर्धा पेला ओतला.

हिंदुरावांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबाट हाय."

"हळू घ्या, आबा. जिभेवर ठेवा जरा."

त्यांनी पुन्हा घेतला आणि या खेपेला तो जिभेवर घोळवला. "तुरट हाय," मग म्हणाले. "जांबळं खाल्ल्यावर जीभ व्हती तशी."

मुक्ताबाई आतल्या दारात बसून राहिल्या. आता आवाज चढेल, आता ताट सरकेल, याची वाट त्यांचं अंग बघत होतं. त्यांनी उजवा कान खोलीकडं केला होता. हिंदुरावांनी पेला संपवला, खाली ठेवला आणि म्हणाले, "बास. जेवाय वाढ."

कपिल दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. पुढं रोज दिवेलागणीला तेच होऊ लागलं. आणि हिंदुराव, ज्यांना आयुष्यात भाकरीबरोबर कालवण कसलं होतं हे विचारलं तर सांगता आलं नसतं, ते या लाल पाण्याच्या चवीत रमले. खाटेवर पडून दुसरं करायचं तरी काय होतं? पेला ओतून भाकऱ्या होईपर्यंत तसाच ठेवला की तिचा आंबटपणा मवाळ होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. खर्ड्याबरोबर ती कडू लागते, भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर गोडसर होते. उघडलेली बाटली उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत शिरक्यासारखी होते, म्हणून त्यांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या सावलीला ठेवायला लावली.

"ह्यात घाई करून चालत न्हाई बग," ते एकदा म्हणाले. "आदी वास येतो, मग आंबाट, मग तुरट, आन् गिळल्यावर मागनं कायतरी गोड येतं. ते शेवटचं बगायचं आसतं."

मुक्ताबाई लसूण सोलत होत्या. देशीचा ग्लास डोळे मिटून एका दमात रिकामा करणारा माणूस त्यांनी बघितला होता. तो माणूस आणि हा माणूस यांना जोडणारं त्यांना काही सापडेना.

शेजारचे यासीनभाई बेदाण्याचे व्यापारी. मार्केट यार्डातून आल्यावर ते घटकाभर हिंदुरावांपाशी टेकत. ते स्वतः बाटलीला शिवत नसत, पण द्राक्षाचा विषय म्हटला की त्यांना राहवत नसे. काळ्या द्राक्षाचा सगळा रंग सालीत असतो, तुरटपणा साल आणि बी मधून येतो, असं ते समजावून सांगत, आणि हिंदुराव पेला दिव्यासमोर धरून ऐकत. एका संध्याकाळी हिंदुरावांनी पेला खाली ठेवून "बास" म्हटलं, तेव्हा यासीनभाई मुक्ताबाईंकडं वळून म्हणाले, "वैनी, ह्याला म्हणायचं ताबा. आमच्या यार्डात एकेक जण बघतो मी, बाटली संपल्याशिवाय उठत नाहीत. आणि हे बघा. अर्धा म्हणजे अर्धा."

"व्हय," मुक्ताबाई म्हणाल्या. "अर्धा म्हंजे अर्धा."

त्या आत गेल्या आणि उगाचच पातेली घासायला बसल्या. माणूस चांगला, दारू वाईट. मग ही काय होती? एक घोट गेला की ती थांबू देत नाही, तर मग हे रोज कसे थांबतात? आणि आज थांबता येत असेल, तर तेव्हा काय झालं होतं?

हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर त्यांना घरात जागा उरली नाही. दोन खोल्या, एक मोरी, मागं भिंत. नवऱ्याला एकटं सोडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून विहार बंद, भाजीपुरतं तेवढं बाहेर. दिवसभर त्याच खाटेभोवती फिरायचं, आणि संध्याकाळी आपल्याच हातानं तो प्रश्न पेल्यात ओतायचा.

एका संध्याकाळी त्यांनी पेला काठोकाठ भरला. बाटलीचं बूच काढलेलंच ठेवलं आणि ती पेल्याशेजारी टेबलावर उभी केली.

"मेथी आणते," त्या म्हणाल्या. "आलेच."

हिंदुरावांनी पेल्याकडं पाहिलं, पण तोवर त्या दाराबाहेर पडल्या होत्या. मेथी कोपऱ्यावर मिळत होती. त्या तिथं थांबल्या नाहीत. मंडईपर्यंत चालत गेल्या, रंगूबाई भाजीवालीपाशी टेकल्या आणि तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सगळं ऐकून घेतलं. आतून एकच चाललं होतं, पिऊ दे. सगळी बाटली पिऊ दे. घरी गेल्यावर आवाज चढलेला असू दे, शिवी येऊ दे, पेला भिंतीवर फुटलेला असू दे. म्हणजे माझं खरं होईल. आजारी नवऱ्याचं आपण असं वाईट चिंततोय हे त्यांना कळत होतं. लाजही वाटत होती. तरी त्या उठल्या नाहीत.

परतल्या तेव्हा घरातून रेडिओचा आवाज येत होता. शेतकऱ्यांसाठी हवामान सांगत होते. हिंदुराव उशीला टेकून ऐकत होते. पेला बरोबर अर्धा होता. बाटलीला बूच बसवलेलं होतं, आणि ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवलेली होती. खाटेवरून उठून तेवढं चालत जाऊन त्यांनी ते केलं होतं.

"आज जास्त वतलीस," ते म्हणाले. "उरल्याली तशीच ठिवली हाय. परत बाटलीत घालू नगंस, सगळी नासंल."

मुक्ताबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. पेला उचलला आणि तोंडाला लावला.

"मुक्ते, काय करतीस?"

आधी वास आला. त्याला त्या भ्यायल्या होत्या, पण तो कोयनेतला वास नव्हता. पिकलेल्या जांभळांची टोपली चुलीजवळ राहून गेली की तिला येतो तसा होता, थोडा धुरकट. मग आंबट, मग जीभ आवळली. नवरा सांगत होता तसंच सगळं आलं, त्याच क्रमानं. आणि गिळल्यावर, अगदी शेवटी, ते गोड आलं. ते चांगलं होतं. चांगलं आहे याचाच त्यांना राग आला. त्यांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. घाई न करता पेला संपवला आणि खुर्चीत बसून वाट पाहू लागल्या.

कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पाय जरा हलके वाटले. कोणाच्या अंगावर धावून जावं असं काही वाटलं नाही. अंगात कुणी शिरलं नाही. खुर्चीत मुक्ताबाईच बसल्या होत्या, त्यांना सगळं दिसत होतं, आणि सगळं आठवत होतं.

"हिच्यात काय न्हाई हो," त्या म्हणाल्या.

"हलकी आसती ही. देशीची गोष्ट येगळी."

"आसंल येगळी. तुमी अर्ध्यावर कसं थांबता?"

"डॉक्टर म्हणल्यात म्हणून."

"मी म्हणत हुते तवा?"

हिंदुरावांनी रेडिओ बंद केला. बाहेरून एक रिक्षा गेली.

"मला एकच सांगा," मुक्ताबाई म्हणाल्या. "सकाळी तुमी म्हणायचा, मला काय ठावं न्हाई. ठावं हुतं का न्हवतं?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. बोलले असते तर मुक्ताबाईंनी कदाचित ते घेतलंही असतं. पण त्या झटक्यानं की वयानं, कशानं कोण जाणे, हिंदुरावांच्यात तेवढा जोर उरला नव्हता. ते चादरीची कड चाचपत राहिले.

"हुतं," ते म्हणाले.

"समदं?"

"समदं न्हाई. कदी कदी न्हाई बी आठवायचं. पण कानाचं हुतं. तुला आन् पोरांना भाईर काडून दार लावल्यालं हुतं."

मुक्ताबाईंनी पेला धुतला, मेथी निवडली, स्वयंपाक केला, वाढलं. सकाळी यासीनभाईंना घराकडं लक्ष ठेवायला सांगून त्या आटपाडीच्या एसटीत बसल्या. मुलगी आम्रपाली तिथं शाळेत शिक्षिका होती.

आम्रपालीच्या घरी पाण्याचा टँकर येऊन गेला होता, आणि ती दारात हंडे भरून ओळीनं लावत होती. आईला अशी न सांगता आलेली पाहून तिनं हंडा तसाच ठेवला. मुक्ताबाईंनी आत जाऊन सगळं सांगितलं. वाईन पिऊन बघितली तेही सांगितलं. आम्रपालीनं मध्ये एकदाही विचारलं नाही की खरंच असं म्हणाले का.

"मला ठावं हुतं, आई," ती म्हणाली.

"काय ठावं हुतं?"

"आबांना सगळं कळत असायचं ते. आपल्याला बाहेर काढलं होतं ना, कपिलला ताप होता तेव्हा? तू त्याला घेऊन व्हरांड्याच्या पार टोकाला बसली होतीस, पावसात तुला ऐकू गेलं नसेल. मी दारापाशी होते. आबांच्या ऑफिसचे डेप्टी साहेब बॅटरी घेऊन आले, त्यांनी विचारलं काय गडबड आहे. आबांनी दार उघडलं आणि कसे बोलले माहितीय? सरळ उभं राहून. साहेब, काय नाही, पोरं खेळतायत. जीभसुद्धा अडखळली नाही. साहेब गेले आणि त्यांनी दार परत लावलं."

तेव्हा आम्रपाली चौथीत होती.

"मग मला बोलली का न्हाईस कदी?"

"तुज्याकडं तेवढंच तर हुतं, आई," आम्रपाली म्हणाली. "दारूनं केलं, दारूनं केलं. ते बी काडून घिऊ?"

राहा इथंच, असं ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. पण घर दोन खोल्यांचं, त्यात सासू-सासरे. आम्रपालीची सासू भली बाई. ती रोज सकाळी हिंदुरावांबद्दल अदबीनं विचारायची, पावणं बरं हायत न्हवं आता? पुढच्या सोमवारी शाळेत कपिलचा फोन आला. आबांना एकटं टाकून आई कशी गेली, यासीनभाई किती दिवस डबा देणार, गोळ्या कोण देतंय. आम्रपालीनं त्याला काही सांगितलं नाही. आईनं सांगायचं ते, असं तिला वाटलं. आणि मुक्ताबाईंना वाटलं, सांगून काय होणार? तो म्हणेल, आई, आता कशाला ते, आबा किती बदललेत. ते खोटंही नव्हतं. त्यांनी पिशवी भरली. जायला दुसरीकडं कुठं जागा असती, तर त्या तिकडं गेल्या असत्या.

सांगलीला पोचल्या तेव्हा ऊन कलत होतं. हिंदुराव खाटेवर बसले होते. दाढी वाढली होती. टेबलावर बाटली उभी होती, फडक्याशिवाय, जेवढी ठेवून गेल्या तेवढीच.

"घेतली न्हाई मी," ते म्हणाले. "तू गेल्यापासनं शिवलो न्हाई. आता घेनार बी न्हाई. टाकून दे ती मोरीत. मी सोडली."

मुक्ताबाईंनी पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं. कोयनेत हे शब्द ऐकायला त्यांनी काय दिलं नसतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "सोडायची न्हाई."

"आगं, तुलाच तर नगं हुती."

"तवा नगं हुती. आता तुमी सोडली, की परत समदं तिच्यावर जाईल. पीत हुतो तवा वाईट हुतो, सोडली आन् चांगला झालो. लोक बी तेच म्हणतील, मी बी म्हणीन एखाद्या दिवशी, सवय हाय मला. तिनं काय केलं न्हाई. मी पिऊन बगितली हाय. डॉक्टरांनी सांगितल्याय तेवडी रोज घ्यायची. माज्यासमोर. आन् अर्ध्यावर थांबायचं."

जुनी बाटली आंबून गेली होती. ती मुक्ताबाईंनी ओतून टाकली आणि कपिलनं मागच्या खेपेला आणून ठेवलेली नवी काढली. स्क्रू नवऱ्यासमोर ठेवला. "तुमचं तुमी वता," म्हणाल्या. त्या संध्याकाळपासून त्यांनी ओतणं बंद केलं. आपलं अंथरूणही आतल्या खोलीत चुलीपाशी नेलं.

नेम मात्र चुकला नाही. दिवेलागणीला त्या हातातलं काम घेऊन समोरच्या खुर्चीत येऊन बसत. हिंदुराव बूच काढत, अर्धा पेला ओतत. पूर्वीसारखं वासाचं, चवीचं बोलत नसत. तेव्हा मुक्ताबाईच विचारत, आज कशी हाय? आणि त्यांना सांगावं लागे. आंबाट हाय. जरा कडू हाय. बरी हाय. मग पेला संपे, आणि "बास" म्हणायची वेळ येई. ते एवढंसं बोलणं त्यांना आता फार जड जाऊ लागलं होतं. कधी ते नुसता पेला पालथा घालत. उठून जायला त्यांनाही जागा नव्हती.

दिवाळीला कपिल आला. वडिलांची तब्येत सुधारल्याचं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. तो खूश होता. येताना त्यानं दुसऱ्या कुठल्याशा कंपनीची बाटली आणली होती, पहिलीपेक्षा स्वस्त आणि म्हणे जास्त चांगली. संध्याकाळी हिंदुरावांनी ती उघडली, ओतली आणि मान खाली घालून घोट घेतला. कपिल उत्सुकतेनं बघत होता. मुक्ताबाई लाडवाचे बेदाणे निवडत होत्या.

"काय आबा?" बराच वेळ झाला तसं कपिलनं विचारलं. "ही आवडली नाही का?"

हिंदुरावांनी वर पाहिलं. मुलाकडं नाही, समोरच्या खुर्चीकडं.

"सांगा की," मुक्ताबाई म्हणाल्या. "पोरगं इचारतंय."

"आवडली," हिंदुराव म्हणाले, आणि उरलेली हळूहळू पिऊ लागले.